बातमी बिलाची करा, माणसाची नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी चालवलेले तालुक्याच्या गावचे साप्ताहिक आता मुलीकडे आले आहे. नगरपरिषदेतल्या एका कर्मचाऱ्याने तिला रस्त्यांच्या कामांच्या काही कागदांच्या झेरॉक्स आणून दिल्या. काम कमी झाले आणि बिल पूर्ण निघाले, असे त्यावरून दिसते. ठेकेदार साप्ताहिकाचा मोठा जाहिरातदार आहे, शिवाय नगराध्यक्षांच्या नात्यातला. हे छापायचे कसे, छापल्यावर टिकायचे कसे आणि ‘नसत्या भानगडीत पडू नको’ म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगायचे, असे ती विचारते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. घरच्यांचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबरच असते. पहिल्या दोन प्रश्नांवर मात्र पुष्कळ सांगता येईल, कारण माझी उमेदीची वर्षे त्यातच गेली.

झेरॉक्स हातात आली की बातमी झाली असे वाटते. आज तुमच्याकडे आहे ती खबर. टिळक-आगरकरांचे कोल्हापूर प्रकरण आठवा. दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतात असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने लिहिले, त्याला आधार होता काही पत्रांचा. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झालीच आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी ते तरुण महाराज अहमदनगरला देखरेखीखाली असताना वारले. म्हणजे मूळ तक्रार पोकळ नव्हती, कागद पोकळ होता. टिळकांच्या मागे पुणे-मुंबई उभी राहिली. तुमच्यामागे चार वर्गणीदार आणि एक वकीलसाहेब उभे राहतील, तेही वकीलसाहेबांची तारीख नसेल तर.

म्हणून पहिले काम: तेच कागद नगरपरिषदेच्या सही-शिक्क्यानिशी मिळवा. आणलेली झेरॉक्स हा फक्त वाटाड्या समजा. कागद माहितीच्या अधिकारात मिळाला की तो खरा की खोटा हा वाद संपतो, आणि ज्याने आणून दिला तो माणूस चित्रातून बाहेर जातो.

पण इथे एक खोच आहे. अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पचा, एका विषयाचा आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात कामाचे नाव अंदाजपत्रकात आहे तसेच्या तसे लिहिले, तर बांधकाम विभागातला कोणीही विचारेल, ‘हे एवढे लांबलचक नाव बाईंना कळले कुठून?’ आणि टेबले मोजून चार असतात. तेव्हा आधी फक्त त्या आर्थिक वर्षातल्या कामांची यादी मागा. यादी आली की तीतली पाच कामे निवडा. त्यातली दोन तुमची, तीन भलतीच. मग त्या पाचही कामांचे कागद मागा. वेळ दुप्पट लागतो, पण तुमच्या माणसाची नोकरी वाचते. झेरॉक्सही गावात काढू नका. तालुक्याच्या गावात झेरॉक्सवाल्याला तहसीलदारापेक्षा जास्त माहिती असते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा गोलमाल आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर बातमी ठेवू नका, तोवर रस्ता पुन्हा उखडलेला असेल. त्यापेक्षा अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागद बघता येतात. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर पहिल्या सोमवारी मिळेल. दुसऱ्या सोमवारी परिपत्रकाची प्रत घेऊन जा. आणि आत आवाज चढवू नका, कोणी कितीही डिवचले तरी. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा, पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ३५३ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, हे कार्यालयांचे आवडते हत्यार आहे. शक्यतो सोबत कोणाला तरी न्या.

अलीकडे आणखी एक नकार ऐकू येतो: ‘ही व्यक्तिगत माहिती आहे.’ २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) चे शब्द बदलले, तेव्हापासून माहिती अधिकाऱ्यांना हा नवा आडोसा मिळाला आहे. सार्वजनिक पैशातून दिलेले बिल कोणाचे व्यक्तिगत नसते. अपिलात कलम ८(२) चा उल्लेख करा, सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते असे ते सांगते.

आता कागदांकडे. रस्त्याच्या कामाची फाइल जाड असते, पण बातमी तिच्यातल्या दोन-तीन पानांतच असते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयके, आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. नवे पत्रकार निविदेत अडकतात, कारण टक्केवारीच्या सगळ्या गप्पा तिथल्या असतात. कोणी कोणाला किती टक्के दिले हे सगळ्या गावाला ठाऊक असते आणि कोणालाही सिद्ध करता येत नाही. ते सोडून द्या. मोजमाप पुस्तिका धरा, जिला सगळे एम.बी. म्हणतात. शाखा अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी आणि जाडी मोजली, अशी ती लेखी कबुली असते. त्यावर त्याची सही, उपअभियंत्याने तपासल्याची सही आणि तारीख असते. पैसे तिच्यावरच निघतात.

उदाहरण घेऊ. एम.बी.त लिहिले आहे: सिमेंट काँक्रीट रस्ता, लांबी २०० मीटर, रुंदी ४ मीटर, जाडी १५ सेंटीमीटर. म्हणजे १२० घनमीटर काँक्रीट. जागेवर जाडी १० सेंटीमीटर भरली तर काँक्रीट ८० घनमीटरच होते. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, नगरसेवकाच्या हस्ते नारळ फुटलेला, लोक खूश. आणि एक तृतीयांश काँक्रीट फक्त कागदावर ओतलेले. जाडीत खाल्लेले कोणाला दिसत नाही, म्हणून खातात ते जाडीतच.

मोजायचे कसे? रस्ता खोदायचा नाही, तो नुकसानीचा गुन्हा होईल. रस्ता स्वतःच जागोजागी उघडा पडलेला असतो. नळजोडणीसाठी फोडलेली जागा, गटाराकडची कड, जुन्या रस्त्याला जोडलेले टोक, चेंबरभोवती सुटलेला भाग. कडेवर विश्वास ठेवू नका. साचा लावलेला असतो म्हणून कड नेहमी भरीव दिसते, आतला भाग पातळ असतो. नळाच्या खड्ड्यात स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टीचा आकडा आणि मागे विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा घराची ओळखीची पाटी, दोन्ही एकाच फोटोत यायला हवेत. नाहीतर ‘हा फोटो आमच्या रस्त्याचाच नाही’ हे उत्तर ठरलेले. एका ठिकाणी मोजून थांबू नका. जमेल तितक्या ठिकाणी मोजा, सर्वांत जास्त भरलेले मापही लिहून ठेवा आणि बातमीत तेही द्या. कमी भरलेलीच मापे दिली तर समोरचा वकील पहिला घाव तिथे घालतो. मोजताना त्या आळीतले दोन रहिवासी आणि शक्य असेल तर एखादा निवृत्त अभियंता बरोबर ठेवा. प्रत्येक तालुक्यात सार्वजनिक बांधकाममधून निवृत्त झालेला एक तरी कडक माणूस सकाळी फिरायला निघतो. त्याला गाठा. एम.बी. वाचायला तो तासाभरात शिकवेल.

दुसरी जागा कामाच्या नावात असते. आपल्याकडे रस्त्याला नाव नसते, घरे असतात. ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या दुकानापर्यंत रस्ता करणे.’ तोच रस्ता दुसऱ्या निधीतून ‘मारुती मंदिर ते पाण्याची टाकी’ होतो. एका यादीत नगरोत्थान, दुसरीत वित्त आयोग, तिसरीत आमदार निधी. तीन बिले, रस्ता एकच. हे ओळखायला बुद्धी लागत नाही, गाव माहीत असावे लागते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या वार्ताहराला हे कधीच दिसणार नाही. तुम्हाला यादी वाचतानाच दिसेल, कारण त्या घरांत तुम्ही हळदी-कुंकवाला गेलेल्या असता. वॉर्डाचा एक नकाशा भिंतीला लावा आणि प्रत्येक निधीतले काम वेगळ्या रंगाने ओढा. जिथे दोन रंग एकावर एक येतील तिथे जाऊन उभे राहा.

तिसरी जागा म्हणजे तुकडे. ई-निविदेची जी मर्यादा चालू असेल तिच्या आत बसतील अशी एकाच रस्त्याची चार कामे. चारही कार्यारंभ आदेश एकाच तारखेचे असले तर वेगळे काही लिहायला नको, तारखा छापल्या की पुरे.

सर्वांत सुरक्षित कागदाकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल. नगरपरिषदेचा हिशेब तपासून शासनाच्याच लेखापरीक्षकाने आक्षेप लिहिलेले असतात, कुठे ‘वसूलपात्र रक्कम’ असा स्पष्ट आकडाही असतो. त्या आक्षेपांवर अनुपालन, म्हणजे पूर्तता, झाले का, एवढेच विचारायचे. भाषा सरकारी, आरोप सरकारचा, तुम्ही फक्त वाचून दाखवता. मी तुमच्या जागी असतो तर लेखमालेची सुरुवात यानेच केली असती आणि ठेकेदाराचा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या अंकाला आणला असता. एक सांगतो: निवडणुका रखडल्यामुळे २०२२ च्या आसपासपासून अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते आणि त्या काळात ठराव एकट्याच्या सहीने झाले. सभा नाही, विरोधक नाही, इतिवृत्तात चर्चा नाही. त्या वर्षांतली कामे तुमच्या यादीत असतील तर ती आधी बघा.

कागद कोणी दिला, यापेक्षा आताच का दिला हा प्रश्न स्वतःला विचारा. नगरपरिषदेतून अचानक माया पातळ होऊन कागद वाहू लागतात ते बहुधा कोणाची तरी विकेट काढायची असते म्हणून. त्यात वाईट काही नाही. आपण हेतू छापत नाही, माप छापतो. फक्त देणाऱ्याच्या वॉर्डातलाही एक रस्ता त्याच वेळी मोजा. तो चांगला निघाला तर तसे लिहा, वाईट निघाला तर तोही छापा. एवढे केले की ‘ही अमक्या गटाची’ हा शिक्का लवकर बसत नाही. बसणारच नाही असे नव्हे.

छापण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी प्रश्न द्या. तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर नाही. आवक विभागात पत्र देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. प्रश्न असे विचारा की उत्तर आकड्यातच द्यावे लागेल: ‘एम.बी. पान अमुक वर जाडी १५ सेंटीमीटर नोंदवली आहे. आम्ही अमुक ठिकाणी मोजली असता ती १० सेंटीमीटर आढळली. याबाबत नगरपरिषदेचे म्हणणे काय?’ ठेकेदारालाही तेच पत्र स्पीड पोस्टाने. आठवडाभर वाट बघा. उत्तर आले तर जसेच्या तसे, त्याच बातमीत, त्याच पानावर. नाही आले तर पत्र कोणत्या तारखेला दिले आणि अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आले नाही, एवढेच. पत्र गेल्या दिवसापासून तुमचा फोन वाजू लागेल, म्हणून पत्र जाण्याआधी सगळे माप, सगळे फोटो, सगळ्या प्रती तयार आणि दुसऱ्या गावी कोणाकडे तरी ठेवलेल्या असाव्यात. एक अडचण सांगतो: पत्र गेल्यावर कधी कधी रातोरात त्या खड्ड्यांवर सिमेंट पडते. पडू द्या. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही फोटो छापा.

आता भाषा. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द बातमीतून काढून टाका. ‘मलिदा’, ‘डल्ला’, ‘टक्केवारीचा बाजार’ हेही. हे शब्द लिहिताना मजा येते आणि वाचकही टाळी देतो, पण कोर्टात सिद्ध करायची वेळ येते ती याच शब्दांवर. ‘एम.बी.त १५, जागेवर १०’ हा मथळा पुरेसा आहे. उरलेले शब्द चहाच्या टपरीवर लोक स्वतः घालतील. ‘कथित’ घातले की सुटलो असा एक समज आहे, तो चुकीचा. मथळा नीट तपासा, कारण आत सगळे सावध लिहून वर मथळ्यात घात झालेली प्रकरणे कमी नाहीत. ठेकेदार नगराध्यक्षांचा नातेवाईक आहे, हे पहिल्या बातमीत घालू नका. नाते म्हणजे पुरावा नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पालिकेच्या ठेक्यात हिस्सा किंवा हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो, हे खरे; पण त्यासाठी भागीदारीचा कागद लागतो, सोयरीक पुरत नाही. तो कागद मिळाला तर ती स्वतंत्र आणि मोठी बातमी आहे. बिलावर ज्या फर्मचे नाव आहे ते छापा, एम.बी.वर सही करणाऱ्याचे पद छापा.

कायद्याचे थोडक्यात. फौजदारी बदनामी, जी पूर्वी ४९९-५०० होती, ती १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. ‘खरे आहे’ एवढ्याने सुटका नाही, खरे आणि लोकहिताचे असे दोन्ही दाखवावे लागते. पालिकेच्या पैशाच्या बाबतीत दुसरे अवघड नाही. हे कलम घटनाबाह्य ठरावे म्हणून प्रयत्न झाला, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा राजगोपाल निकाल आपल्या बाजूने आहे. अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी संबंधित लिखाण असेल, तर ते खोटे होते आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापले हे त्याला दाखवावे लागते. आपण वाजवी पडताळणी केली होती, एवढे सिद्ध केले की आपले भागते. तुमची पट्टी, फोटो आणि आवक क्रमांक असलेले पत्र म्हणजेच ही पडताळणी. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षे. तोवर एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नका. वकिलाची ‘बिनशर्त माफी मागा, अन्यथा कोटीचा दावा’ अशी नोटीस बहुधा येईल. तिला गावातल्या वकिलाकडून उत्तर देऊ नका, तो उद्या त्यांच्याच सत्यनारायणाला जाणार असतो. जिल्ह्याच्या ठिकाणचा किंवा खंडपीठातला वकील बघा. नोटिसा पुष्कळ येतात, दावे त्या मानाने थोडे.

आता पैशाविषयी. वृत्तपत्र बंद पडते ते बहुतेक इथेच. गुंडांनी बंद पाडले असे नाव होते एवढेच.

एका कागदावर लिहा, महिन्याला पैसा कुठून येतो. माहिती व जनसंपर्कच्या यादीवर असाल तर शासकीय जाहिराती. नगरपरिषदेच्या निविदा सूचना. पतसंस्थांचे अहवाल, बाजार समिती, साखर कारखाना, शिक्षण संस्था. पुढाऱ्यांचे वाढदिवस. वकिलांच्या जाहीर नोटिसा. श्रद्धांजल्या. दुकानदार. दिवाळी अंक. आता यातले उद्या एका फोनवर काय काय बंद होईल त्यावर काट मारा. ठेकेदार गेला, पालिकेच्या निविदा गेल्या, त्या गटाचे वाढदिवस गेले, त्यांच्या ताब्यातली पतसंस्था गेली. उरले काय? नोटिसा आणि श्रद्धांजल्या. मिळकतीच्या व्यवहाराच्या, वारस नोंदीच्या, नाव बदलाच्या जाहीर नोटिसा गावोगाव येतच राहतात आणि त्या कोणाच्या फोनने थांबत नाहीत. माझे वृत्तपत्र कठीण काळात या नोटिसांनी तगवले, अग्रलेखांनी नव्हे. तेव्हा बातमीच्या आधी दोन-चार महिने तालुक्यातल्या प्रत्येक वकिलाच्या कचेरीत जाऊन बसा. वर्गणी वसूल करा. वडिलांच्या काळापासून फुकट अंक घेणारे बरेच असतील, त्यांच्याकडे एकदा पावतीपुस्तक घेऊन जाच.

दुसरे, पालिकेकडे तुमची जाहिरातींची जुनी बिले थकलेली असणार. कोणाचे थकलेले नसते? ती थकबाकी मुद्दाम ठेवलेली असते. तुम्ही काही लिहिले की लेखापाल म्हणतो, ‘मॅडम, तुमचे बिल साहेबांच्या टेबलावरच आहे बघा.’ ती आधी निघतील तेवढी काढून घ्या, राहतील ती गेली असे समजा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याच्याशी जाहिरातीचा एकही शब्द बोलू नका. त्याचा माणूस येईल, ‘दिवाळी अंकाला पूर्ण पान देतो’ म्हणेल, फोन खिशात चालू असेल. तुम्ही ‘बघू’ म्हणालात तरी खंडणीची, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ३०८ ची, तक्रार उभी राहू शकते. तालुक्यात बातमीची भीती घालून पाकीट घेणारे इतके झाले आहेत की पोलिसांना अशी तक्रार खरी वाटते, आणि दोष फक्त पोलिसांचा नाही. त्याची आगाऊ घेतलेली पण न छापलेली जाहिरात असेल तर ती रक्कम बातमीच्या आधी चेकने आणि पत्रासह परत करा. निवडणुकीत ‘पॅकेज’ घेतलेल्या, म्हणजे पैसे घेऊन उमेदवाराच्या बातम्या छापलेल्या, वृत्तपत्राने मोजमापाची बातमी छापली तर तिचीही किंमत लोक लावतात. तुमच्या वडिलांनी कधी घेतले असेल तर गाव ते विसरलेले नाही. पुढे घेणार नाही एवढेच तुमच्या हातात आहे.

अंकाचा दिवस. जिल्ह्याच्या प्रेसमध्ये छापून गठ्ठे एस.टी.ने येत असतील, तर ते स्टँडवरून कोण उचलतो ते बघा. सगळे अंक पहाटेच विकत घेऊन गावात एकही न पोहोचू देणे ही जुनी युक्ती आहे. त्या दिवशी विक्री छान होते, वाचक एकही नसतो. आता उपाय सोपा आहे, गठ्ठे सुटायच्या वेळीच पीडीएफ सोडा. शेजारच्या तालुक्यांतल्या दोन-तीन पत्रांना बातमी आधी द्या, त्याच दिवशी छापा म्हणा. एकट्याने श्रेय घ्यायचा मोह इथे धोक्याचा आहे. बातमी पाच ठिकाणी आली की तुम्हाला गप्प करून काही साधत नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांची एका जमीन दलालाविषयीची बातमी आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले. दुसऱ्या दिवशी ते गेले. छत्तीसगडच्या बिजापूरला पत्रकार मुकेश चंद्राकरने एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी केली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा मृतदेह ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. रस्त्याचीच बातमी, तुमच्यासारखीच. दोघेही आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांत वावरत होते. बातमीच्या आठवड्यात एकट्याने फिरू नका, ‘या, बसून मिटवू’ अशा बोलावण्याला शेतावर किंवा ढाब्यावर जाऊ नका. यायचे तर त्यांनी दिवसा तुमच्या कार्यालयात यावे. धमकी आली तर तारीख-वेळेसह लिहून पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या, फक्त ठाण्यात नाही. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्याविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली नाही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ठाण्यात हे कलम आपण होऊन कोणी लावत नाही, लावा म्हणून लेखी मागावे लागते.

तुम्ही स्वतः तक्रारदार व्हायचे का, हाही प्रश्न पुढे येईल. माझे मत नाही असे आहे, आणि याबाबत माझे अनेक मित्र माझ्याशी भांडतात. लाचलुचपत खात्यात अर्ज, खंडपीठात जनहित याचिका हे त्या आळीतल्या नागरिकाने करावे, तुमची बातमी त्याने जोडावी. संपादक फिर्यादी झाला की त्याची पुढची प्रत्येक बातमी फिर्यादीची पुरवणी ठरते आणि समेटासाठीचा दबाव थेट त्याच्यावर येतो.

निष्पन्न काय होईल? मोठे काही होईलच असे नाही. शाखा अभियंत्याची बदली, एक चौकशी समिती, ठेकेदाराचे अंतिम देयक रोखलेले, रस्त्यावर एक पातळ थर. मग पुढच्या निवडणुकीपर्यंत शांतता. चौकशी समितीचा अहवाल कधी आला हे कोणी सांगत नाही, तो मागावा लागतो. त्याहून उपयोगी गोष्ट अशी: कार्यारंभ आदेशात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे राहायची. ती मुदत संपायच्या आधी एक-दोन महिने फिता आणि पट्टी घेऊन पुन्हा त्याच खांबापाशी जा, भेगा मोजा, फोटो घ्या. मग अर्ज द्या: ‘अमुक कामाची सुरक्षा अनामत परत केली आहे काय, केली असल्यास दिनांक, रक्कम व परत करण्यापूर्वी केलेल्या स्थळपाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी.’ स्थळपाहणीचा अहवाल बहुधा नसतो. नसला तर माहिती अधिकाऱ्याला ‘सदर अभिलेख उपलब्ध नाही’ असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे लागते, आणि ती दुसरी बातमी पहिलीपेक्षा नाकारायला अवघड असते.